काळीभुईच्या आयुक्तबाई

आमच्या देशाच्या निवडणूक आयुक्तांचे सगळे हुकूम शिवणयंत्राच्या खटखटीत सुटत. आयुक्तबाईंना फोनवर टाइप करायचा भारी कंटाळा. त्या आवाजी संदेश पाठवायच्या, आणि बोलताना पाय मशीनवर चालूच असायचे. अर्ज कोणाचा, साक्षीला कोण, सभेत काल कोणी कोणाला काय म्हटलं, सगळं त्या खटखटीवर. मधेच मशीन थांबली की सगळा देश कान टवकारायचा, कारण आता निकाल लागणार हे ठरलेलं असे.

देश म्हणजे खरा नव्हे. अमरावतीच्या काही पोरांनी कॉलेज संपता संपता फोनवर एक ग्रुप काढला आणि 'काळीभुई' नावाचं प्रजासत्ताक जाहीर करून टाकलं. त्याला राज्यघटना होती, सभा होती, दोन पक्ष होते आणि एक कायम रुसलेला विरोधी पक्षनेता होता. जमीन तेवढी नव्हती. मी अमरावतीतल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. परीक्षानळ्या धुऊन झाल्यावर दुपार सरता सरत नसे, म्हणून एका मित्राच्या नादाने या देशात शिरलो आणि बघता बघता उपायुक्त झालो. माझ्या वर या बाई. राहायला अकोल्याला, वय साठीच्या आसपास, घरात शिवणक्लास. क्लासातल्या एका मुलीच्या फोनवर हा खेळ पाहून त्या आत आल्या आणि पहिल्याच आठवड्यात दोन्ही पक्षांना सारखंच झापलं. त्यानंतर आयुक्त कोणाला करायचं याची चर्चाच झाली नाही.

नागरिकत्वाची रीत त्यांनीच घालून दिली. अर्ज लिहून भागत नसे. नव्या माणसाने स्वतःच्या आवाजात एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. प्रश्न एवढाच, "काहून पाह्यजे?" म्हणजे, का हवं? लोक गडबडून जात. कोणी लोकशाहीवर भाषण ठोकी, कोणी सरळ सांगे की वेळ जात नाही. बाई दोघांनाही घेत. माणूस एकच आहे ना आणि स्वतःचं स्वतः बोलतो ना, एवढंच त्या ऐकत. नागरिक झाल्यावरही मत लगेच मिळत नसे. महिनाभर सभेत बसायचं, दुसऱ्यांचं ऐकून घ्यायचं, मग मत.

एका बहाद्दराने निवडणुकीच्या तोंडावर एकदम पाच नागरिक उभे केले. भाऊ, मावशी, शेजारी, ज्याला त्याला धरून आवाज भरून घेतले. आम्हाला कोणाला वास आला नाही. बाईंना आला. पाचही आवाजांच्या मागे एकच पंखा करकरत होता. आम्ही त्याला हद्दपार करायला निघालो, तेवढ्यात मशीन थांबली.

"पाचातला एक ठेव. कोनता ठेवतं थे तूच ठरव. आन मावशीले खरंच याचं असन, त तिनं आपल्या घरून बोलावं."

मावशी धामणगाव रेल्वेची होती. ती खरोखरच आपल्या घरून बोलली, महिनाभर बसली आणि पहिलंच मत भाच्याच्या पक्षाविरुद्ध दिलं. बाईंना त्या दिवशी इतका आनंद झाला की त्यांच्या मशीनची लयच बदलली होती.

त्यांचा एक नियम मात्र मला कधी पटला नाही. मत मिळाल्यावर सलग महिनाभर सभेत चकार शब्द काढला नाही तर ते गेलं; परत हवं तर पुन्हा तोच प्रश्न आणि तोच महिना. आमच्यात धारणीकडचे एक शिक्षक होते. त्यांच्या गावाचा टॉवर बंद पडला आणि ते गप्प झाले. रेंज मिळाली तोवर मत गेलेलं. गुरुजी तापले, आणि त्यांचं काय चुकलं होतं? मी बाईंशी कडकडून भांडलो. त्या म्हणाल्या, "टावरचं खरं हाय भाऊ. पन गेलं त गेलं. परत मांगाले लाज कायची? मांगा लागते. न मांगता कोनी आनून देत नाई." आणि मग त्यांनीच गुरुजींना फोन लावत लावत, ते जीपने परतवाड्याला उतरल्यावर गाठलं आणि उत्तर भरून घेतलं. ही बाई दयाळू आहे की दगड, याचा मला काही केल्या अंदाज येईना. शेवटी बघूनच यावं म्हणून अकोल्याची गाडी धरली.

मुद्दामच काळीभुईच्या निवडणुकीचा दिवस धरला होता. बाई पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची साडी नेसून मशीनपुढे बसल्या होत्या, आणि क्लासातल्या मुली तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. आमच्या प्रत्येक निवडणुकीला त्या अशाच बसतात, हे मला मुलींनी सांगितलं. बाईंच्या आजीने धम्मदीक्षेनंतर मताला जायचं ते पांढऱ्या लुगड्यातच, असा नेम धरला होता, आणि नातीने तो फोनवरच्या देशातही पाळला. मला पाहून बाई म्हणाल्या की आवाजावरून तुम्ही अंगाने भरलेले वाटत होता. पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा पुढच्या खोलीत कोणाशी तरी घराच्या मोजमापाचं बोलत होता. चांगला माणूस, मला चहा त्यानेच आणून दिला. "आईला तेवढाच विरंगुळा," असं हसून म्हणाला. बाईंनी वर पाहिलं नाही.

निघताना मला राहवलं नाही. त्या आयुक्त झाल्या तेव्हा ही रीत नव्हती, म्हणजे त्यांना तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. "बाई, तुम्हाला काहून पाह्यजे होतं?" मी विचारलं. त्यांनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, सांजच्या गाडीले गर्दी रायते, निघा.

त्यानंतर काही महिन्यांनी मशीन बंद पडली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. फोन लावला तर नंबर बंद. सभेत जो तो बाईंची चौकशी करी. महिना भरत आला तसे दोन्ही पक्ष आयुष्यात पहिल्यांदा एकत्र आले आणि आयुक्तांना या नियमातून सूट द्यावी असं म्हणू लागले. निर्णय माझ्यावर होता. मला तो नियम कधीच मान्य नव्हता, पण गुरुजींचं मत ज्या नियमाने गेलं त्याच नियमातून बाईंना सोडवलं असतं, तर त्यांनी मला अकोल्याहून येऊन हाणलं असतं. मी त्यांचं मत रद्द केलं. फार वाईट वाटलं. गुरुजी तेवढे म्हणाले, "येतील. मागतील."

आणि एका दुपारी नव्या नंबरावरून आवाज आला. पाठीमागे खटखट नव्हती, इतकी शांतता होती की आधी मी ओळखलंच नाही. नागरिकत्वासाठी अर्ज होता. मी रीतीप्रमाणे प्रश्न पाठवला.  उत्तर आलं.

"पुन्याले आली मी, पोराकडं. घर इकलं, मशिन इकली. पोरगं चांगलं हाय, सून चांगली हाय. मले सारं सांगतलं त्याईनं. इचारलं नाई. जलमभर असंच झालं, लग्नापासून. तुमच्या इथं इचारते. म्हनून पाह्यजे."

 रुसलेल्या विरोधी पक्षनेत्याने महिन्याची अट माफ करावी असा ठराव आणला, तर बाईंनीच तो हाणून पाडला. महिनाभर त्या गुपचूप ऐकत बसल्या.

मत परत मिळाल्यावर पहिलाच आलेला ठराव अगदीच साधा होता, काळीभुईचं राष्ट्रीय फूल कपाशीचं असावं. वऱ्हाडात याला नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी हो म्हटलं. विरोधात एकच मत पडलं, बाईंचं. मी चकित होऊन त्यांना व्हिडिओ कॉल लावला. पांढरी साडी नेसून बसल्या होत्या.

"कपाशीवर माहा काई राग नाई," त्या म्हणाल्या. "मी पाहून राहिली होती, नाई म्हनलं त मोजते काय." मग विचारलं, "मोजलं ना भाऊ?"

"मोजलं, बाई."