कार्टून तपासणाऱ्या बाई

लहान मुलांच्या कार्टून चॅनेलमध्ये बाईंचं काम एकच होतं. प्रत्येक भाग टीव्हीवर जाण्याआधी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा आणि चुका टिपायच्या. कुठे चित्र अडखळतंय, कुठे ओठ हलतायत पण आवाज नाही, कुठे सशाचा एकच कान हिरवा झालाय. ऑफिसात त्यांना सगळे ‘चाळणी’ म्हणत.

पहिली नऊ वर्षं चॅनेलने नुसता धुमाकूळ घातला. शाळेच्या फाटकाशी आया बाईंना गाठायच्या. “अहो, तो बेडूक उद्या सुटतो का हो? पोरगी जेवत नाहीये.” बाई सांगायच्या, सुटतो. आईला दिवसभर कार्टून बघण्याचा पगार मिळतो म्हणून त्यांचा मुलगा वर्गात मिरवायचा. बाई मात्र पहिल्या वर्षानंतर एकदाही हसल्या नव्हत्या. हसलं की डोळे बारीक होतात आणि नेमकी तेव्हाच चूक निसटते.

मग मालक बदलले. नवी कार्टून घेणं थांबलं, जुनीच आलटून पालटून लागू लागली. मधे भांड्यांच्या साबणाच्या जाहिराती. तपासणीच्या खोलीत चौघीजणी होत्या, त्यातल्या बाई तेवढ्या उरल्या.

“साहेब, हे सगळं माझं बघून झालंय.”

“मग परत बघा. खुर्ची रिकामी दिसायला नको.”

बाईंनी परत बघितलं. सात वर्षं बघितलं. एका मंगळवारी दुपारी चार वाजता पडदा निळा झाला तो झालाच. घरी येऊन त्या म्हणाल्या, “चॅनेल बंद झालं.”

तेरा वर्षांच्या मुलाने वहीतून मान वर केली. “म्हणजे अजून चालू होतं?”

“चहा टाकू का?” नवऱ्याने विचारलं.

“टाका.”

नंतर सहा वर्षं बाई औषधांच्या कारखान्यात होत्या. समोरून सरकणाऱ्या पाकिटांत फुटकी गोळी शोधायची. नवऱ्याने एकदा विचारलं, “करमतं का गं तिथे?” त्यांनी जरा विचार केला. “बसायला मिळतं,” म्हणाल्या.

एके दिवशी दारात पंचविशीतली एक मुलगी उभी. तिच्या कंपनीने ते चॅनेल विकत घेतलं होतं. तेव्हाची पोरं आता मोठी होऊन इंटरनेटवर जुनी कार्टून मागत होती. टेपा सापडल्या होत्या, पण लेबलं गळून पडलेली, आणि कुठली टेप कुठे खराब आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

“तुम्ही सगळे भाग पाहिलेत?” मुलीने विचारलं. “तुमचा आवडता कुठला?”

बाईंना कुणी असं विचारलं नव्हतं. “बेडकाचा एकतिसावा,” त्या सावकाश म्हणाल्या. “त्यात एकही चूक नव्हती.”

सोमवारपासून त्या कामावर जाऊ लागल्या. खोली नवी, पडदा मोठा. चॅनेल पुन्हा सुरू झालं त्या सकाळी बाहेर टाळ्या पडल्या, ती मुलगी चक्क रडली. कुणीतरी बाईंच्या टेबलावर केकचा तुकडा ठेवून गेलं. तेवढ्यात परगावी शिकणाऱ्या मुलाचा फोन आला.

“आई, होस्टेलची सगळी पोरं गोळा झालीत बघायला. वेड लागलंय नुसतं! ऐकतेस ना?”

मागे पंधरावीस पोरं एकदम हसली. कुठल्या जागी हसली ते बाईंना कळलं.

“ऐकतेय,” त्या म्हणाल्या. फोन तसाच कानाशी धरून त्यांनी पुढचा भाग लावला.