वीतभर पाणी

जालन्याच्या तरणतलावावर पंप सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणायचे. नाव मी कधी विचारलं नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, गळ्यात घड्याळ, आणि बोलताना नजर माणसावर नाही, पाण्यावर.

एका सकाळी माझी शंभर मीटरची वेळ चार सेकंदांनी कमी आली. विभागीय स्पर्धेला जायला तेवढीच हवी होती. आष्टीच्या विहिरीत पोहायला शिकलेला, घरातला पहिला पदवीधर मी. श्रेय लगेच पाय मारायच्या माझ्या नव्या पद्धतीला दिलं आणि माझ्या ऑफिसात तासभर ती समजावून सांगितली. स्पर्धेच्या फॉर्मवर वेळ मोजणारे म्हणून मामांची सही तेवढी राहिली होती.

"उद्या करतो," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तलावात पाणी वीतभर कमी होतं. काढलेलं मामांनी बागेला सोडलं होतं.

"आता पोहा साहेब. मी घड्याळ लावतो."

पोहलो. कमी झालेले चारही सेकंद परत वाढले.

"एरवी तलाव वीतभर खालीच राहतो, काल काठोकाठ भरल्ता," मामा म्हणाले. "लाट काठावरून नालीत जात व्हती. आज भिंतीला धडकून तुमच्याच अंगावर येऊन राह्यली. मंग पाय काय करतील?"

लाट भिंतीवरून परत फिरते, यावर बी.एस्सी.ला मी आकृतीसह उत्तर लिहून पूर्ण मार्क घेतले होते.

"पण मामा, स्पर्धेचा तलावही भरलेलाच असेल."

"असंल की. पण तिथं तो सगळ्यांसाठीच भरलेला राहतो. काल इथं तुमच्या एकट्यासाठी भरल्ता."

मी कालची वेळ खोडून आजची लिहिली. मामांनी सही केली आणि फुंकर मारून शाई वाळवली. या वेळेवर निवड होणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तरी फॉर्म मी स्वतः नेऊन दिला, सायकलवरून, अगदी सावकाश.