सतरा नंबरची सावली

आमच्या ह्यांना सगळे पेंटर म्हणतात. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, दवाखान्याचे बोर्ड, दिसेल ते अक्षर ह्यांचंच. एरवी माणूस कमालीचा विसराळू. भाजी आणायला जाईल नि पिशवीच विसरून येईल. पण अक्षर काढलं की त्याच्या डाव्या अंगाला पिवळी सावली द्यायचीच. गिऱ्हाईक म्हणो, घाई आहे, नको. पहिला रंग वाळेपर्यंत हे तिथेच उभे. जित्याची खोड, दुसरं काय!

लढाईच्या दिवसांत लष्करी छावणीतले दोघं आले. नदीपलीकडे त्या लोकांची वस्ती होती, तिथल्या दारांवर नंबर घालायचे होते. कशासाठी ते माहीत नव्हतं, असं आम्ही जगाला सांगतो. खरं म्हणजे डबा भरताना ह्यांनी मला सांगितलं होतं, उद्या ट्रक येणार, नंबरवारीने घरं रिकामी करणार. मी म्हटलं, "तुम्ही रंग लावा आणि घरी या."

संध्याकाळी हे आले ते पाणी पाणी करत. म्हणाले, एका घरात रंग वाळायची वाट बघत होतो, घरधन्याने तांब्या आणून दिला, विचारलं नंबर कशाला. "मग काय सांगितलंत?" "पाण्याचे मीटर बसणारेत म्हटलं." बरं सुचलं तुम्हाला, असं मीच म्हणाले. त्या वस्तीतली माणसं पुन्हा दिसली नाहीत. मोजकी सीमेपलीकडे पोचली म्हणे.

याला अकरा वर्षं झाली. यंदा एका संस्थेने दोन्ही देशांतली वीस पोरं इथे आणली. जुन्या गोदामाच्या एकाच भिंतीवर सगळ्यांनी मिळून आपापल्या घराचं दार रंगवायचं. शिकवायला हे. पोरं दिवसभर काका काका करत मागे, आणि हे जेवताना एकेकाची नक्कल करून दाखवायचे. ह्यांना हसताना बघून मला किती बरं वाटायचं! मीही रोज चहा घेऊन जायचे.

पलीकडून आलेली एक चष्मेवाली मुलगी होती. आपलीच भाषा बोलायची, इथलीच ना मूळची. तिने हिरवं दार काढलं आणि म्हणाली, "काका, वर सतरा घालून द्या." ह्यांनी लाल सतरा काढला. रंग वाळेस्तोवर तिथेच थांबले, मग पिवळ्यात ब्रश बुडवून डाव्या अंगाला सावली दिली. मी किटली घेऊन उभी होते.

मुलगी त्या सावलीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आमच्या दारावर तुम्हीच घातला होता ना?"

"असेल. खूप दारं होती," हे म्हणाले.

"बाबांनी तुम्हाला पाणी दिलं होतं. मी आतून ऐकत होते. तुम्ही म्हणालात, मीटर बसणारेत. आई निघायचं म्हणत होती. बाबा म्हणाले, मीटरवाले येतील, घरात माणूस हवं. मला तेवढं मामाकडे धाडलं." तिने चष्मा काढून ओढणीला पुसला. "आजी म्हणते, असं कुणी बोललंच नाही. घराच्या मोहापायी जावयाने माझी लेक मारली, असं ती येईल त्याला सांगते. मला बाकी काही नको काका. तुम्ही मीटर म्हणाला होता, एवढंच सांगा. मी आजीला सांगेन."

ह्यांचं तोंड उघडलं. बोलणार होते, मी ओळखते ना माझ्या माणसाला. एक शब्द, आणि त्या मेलेल्या बापावरचा डाग गेला असता. पण मला पोरांचे ते वीस चेहरे दिसले, उद्या ते ह्यांच्याकडे कसे बघतील ते दिसलं.

"नाही गं बाळ," मीच म्हणाले. "कामावर असताना हे कुणाशी अवाक्षर बोलत नाहीत. तेव्हा तर जिवाच्या भीतीने मान वर केली नव्हती."

तिने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. मी नाही बोललो कुणाशी."

"मग मीच मनाने रचलं असेल," ती म्हणाली. "सात वर्षांची तर होते. आजीचंच खरं." "माफ करा हं काका, तुमच्यावर उगाच आळ घेतला."

ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने डोळे पुसले, ह्यांचे ब्रश उचलले आणि नळाखाली एकेक करून धुऊन आणले. मी तिला चहा दिला. साखर जरा जास्तच घातली होती.