धाकटीच्या पेशी

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला प्रत्येक गोष्ट उघडून बघायची खोड. डॉक्टरांनी अश्रू किती येतात ते मोजायला त्याच्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून थोड्या वेळाने काढली, तर ती कोरडी ठणठणीत. दुसरा कुणी घाबरला असता. ह्याने पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि डॉक्टरांना प्रश्नांनी भंडावून सोडलं.

गेल्या वर्षी त्याला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा धाकट्या बहिणीने रक्त बनवणारी आपली अस्थिमज्जा देऊन त्याला वाचवलं होतं. आता तिच्याच पेशी त्याचे डोळे परके समजून अश्रूंच्या ग्रंथींवर तुटून पडल्या होत्या.

"म्हणजे भांडतायत?"

"तसंच समजा."

"मग तिच्याच आहेत, शंका नको!"

डॉक्टर हसले. पण धाकटीला हे सांगायचं कसं? ती जगाशी खुशाल भांडेल, पण आपल्यामुळे कुणाला दुखलं की जेवणसुद्धा टाकेल. म्हणून त्याने ठोकून दिलं, "दुकानातल्या धुळीने डोळे चुरचुरतात."

झालं! धाकटीने कंबर कसली. दुकान धुऊन काढलं, मशीनांवर चादरी घातल्या. डोळे आपले लालच. मग एका सकाळी मिस्त्री येऊन बघतो, तर ही बाई कुणा गृहस्थाला दुकान दाखवत उभी.

"विकून टाकू दादा. डोळेच गेले तर दुकान काय चाटायचंय?"

समोरच्या मशीनच्या पोटात कुठेतरी दोरा अडकला होता आणि तो कुठे, हे मिस्त्रीला अजून बघायचं होतं. त्याने त्या गृहस्थाला वाटेला लावलं आणि बहिणीला खरं काय ते सांगून टाकलं.

धाकटी मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे मीच."

"तू नाही गं, तुझ्या पेशी."

"त्या काय शेजारणीच्या आहेत?" म्हणत ती रडायला लागली. त्यालाही भडभडून आलं, पण डोळे नुसते जळत राहिले. तिच्या हनुवटीवरून टपटपणाऱ्या पाण्याचा त्याला चक्क हेवा वाटला.

"बरं, मी डोळ्यांत थेंब घालतो ते कसले, माहितीये?" तो म्हणाला. "माझंच रक्त काढतात, ते गोठलं की वरचं पिवळं पाणी घेऊन त्याचं औषध करतात. आणि माझं रक्त हल्ली कोण बनवतं?"

धाकटी रडायची थांबली. "माझ्या पेशी?"

"मग? भांडतात त्याच, मलम लावतात त्याच. हुबेहूब तू."

तिने हात स्वच्छ धुतले, कोपऱ्यातल्या छोट्या फ्रिजमधली थेंबांची बाटली आणली आणि त्याची हनुवटी वर केली. थेंब डोळ्यात मावला नाही, गालावरून ओघळला. ती पुसायला गेली, तर त्याने तिचा हात धरला.

"राहू दे. किती दिवसांनी रडतोय."