मुनिरकातली वर्तुळपाकळी

दिल्लीत मुनिरकाच्या एका खोलीत तीन मराठी पोरं कोंडली की भिंतीला ओल धरायच्या आत किस्से जमतात. मी इंजिनिअरिंग सोडलं, मग स्पर्धा परीक्षेचा क्लास सोडला, शेवटी खोलीही सोडली. किस्से सुटत नाहीत. त्यातले बहुतेक दत्तादादाचे. दादा धाराशिवकडचा. इतिहास, राज्यघटना तोंडपाठ, पण गणिताचा पेपर दर वर्षी आडवा यायचा, आणि गणितात वर्तुळपाकळी. यंदाचा अटेम्प्ट त्याचा शेवटचा. घरी त्याचे वडील निकालाकडे डोळे लावून बसलेले.

*

क्लासमध्ये सरांनी फळ्यावर लिहिलं : कोन भागिले तीनशे साठ, गुणिले पाय आर स्क्वेअर.

दादाने विचारलं, "सर, तीनशे साठनेच का भागायचं?"

"परीक्षेत 'का' विचारत नाहीत."

मी म्हटलं, "मग तुम्ही कशाला आहात?" तेव्हापासून क्लास माझ्याविना चालू आहे.

रात्री जेवताना इम्रानने, म्हणजे परभणीच्या आमच्या तिसऱ्या पार्टनरने, चपाती तोडून दाखवली. "अख्खी चपाती तीनशे साठ अंश. तुकडा जितक्या अंशांचा, तितका हिस्सा."

दादा बघतच राहिला. "एवढंच? मग सर का नाही सांगत?"

"त्यांना कळलं असतं तर सांगितलं असतं ना, यार."

*

पुस्तकात एक शेळी असते. चौकोनी शेताच्या कोपऱ्यात दोरीने बांधलेली. किती भागातलं गवत खाईल? सरळ पाव वर्तुळ. दादाचं उत्तर मात्र दर वेळी जास्त यायचं. शेवटी इम्रानने वही ओढून पाहिली, तर हा दोरीत शेळीची मान मिळवत होता.

"मान लांबवते रे ती," दादा म्हणाला. "दोरी संपली म्हणून थांबायला शेळी काय माणूस आहे?"

*

जूनमध्ये तिघांत एकच टेबल फॅन, मान फिरवणारा. वारा जिथवर पोचतो तिथवर इम्रानने खडूने फरशीवर पाकळी आखली. क्षेत्रफळ काढलं. तीन गाद्या काही बसेनात. तेवढ्यात घरमालक आला.

"ये क्या, कोई पूजा-वूजा है?"

दादा म्हणाला, "जी अंकल. हवा की."

*

माझे मामा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. कुणाला काही येत नाही हे सिद्ध करणं हा त्यांचा छंद. स्वतःच्या वाढदिवसाला आम्हाला बोलावलं, गोल केकचा व्यास सांगून त्याचे चार समान तुकडे केले, आणि दादाला म्हणाले, "अधिकारी व्हायचंय ना? मग एका तुकड्याचं क्षेत्रफळ सांगा. मग खा."

दादाने मनात हिशोब करून सांगितलं. मामा हसले. "चूक. आमच्या वेळी हे चौथीतलं पोर सांगायचं." आणि स्वतःचं उत्तर ऐकवलं. गृहस्थांनी त्रिज्येच्या जागी व्यास धरला होता, म्हणजे उत्तर चौपट.

मी तोंड उघडणार तोच दादाने ताटली पुढे केली. "मामा, तुमच्या हिशोबाने माझा पाव हिस्सा म्हणजे अख्खा केक होतो. द्या मग."

मामी आधी हसल्या. मामांनी आम्हाला पुन्हा बोलावलं नाही.

*

निकाल लागला त्या दुपारी दादाचं नाव यादीत नव्हतं. आम्ही दोघं राजीव चौकाच्या मधल्या बागेत गवतावर बसलो होतो. दादाचा फोन वाजला. गावाहून पुतणी, दहावीतली. दुसऱ्या दिवशी तिची भूमितीची चाचणी होती. त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि बोटाने गवतावर वर्तुळ काढत समजावू लागला. एकदाही अडखळला नाही. सरांना सात जन्मांत जमलं नसतं, असं.

मध्येच ती म्हणाली, "काका, आजोबा इथंच बसलेत. विचारतायत, निकाल लागला का? तू कधी येणार?"

"आधी कोन सांग."

"साठ."

"मग वर्तुळाचा कितवा भाग?"

"सहावा."

"काढ मग."

पलीकडे पेन्सिल खरखरत राहिली. कुणीतरी म्हातारं खोकलं.

"आलं, काका!"

"शाब्बास," दादा म्हणाला. "आता अजून एक घे. जरा मोठं देतो."