हात धुऊन ये

बाईंनी माझ्या मुलीनं आणलेली वस्तू पेन्सिलीच्या टोकावर उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. अख्ख्या वर्गासमोर. मी मागच्या बाकावर बसले होते.

शाळेचा पहिलाच आठवडा. पहिलीचा वर्ग. कोल्हापुरातली मोठी इंग्रजी शाळा. आम्ही उचगावात राहणारी माणसं. सरकारी नियमातून तिथं मोफत जागा लागली तेव्हा नवऱ्यानं गल्लीत पेढे वाटले होते. त्या आठवड्यात आईबापांनाही वर्गात बोलवत होते, मुलं कशी शिकतात ते बघायला. रंगांचे खेळ झाले, मातीची फळं झाली. मग बाईंनी सांगितलं, उद्या घरातली एक वस्तू आणा. डोळे बांधून, हात लावून, वास घेऊन ती ओळखायची.

नवरा कोल्हापुरी चपला करतो. चपलेवर चामड्याची वेणी असते, ती मी घालते. मुलगी म्हणाली, मी तुझी वेणी नेणार. मी तिच्यासाठी मुद्दाम नवी घातली. बोटभर, मऊ.

दुसऱ्या दिवशी कुणी कापूर आणला होता, कुणी लिंबू, कुणी मोगरा. वेणी एका मुलाच्या हातात गेली. डोळ्यांवर रुमाल. त्यानं हुंगली आणि खूश होऊन सांगितलं, "पप्पांच्या बुटासारखा वास येतोय."

बाईंनी विचारलं, कुणाचं हे? माझी पोरगी ताठ उभी राहिली.

"माझ्या आईनं केलीया. चामड्याची हाय."

बाईंचा चेहरा फिरला. पेन्सिल. डबा. मग मुलीला म्हणाल्या, "जा, हात धुऊन ये." त्या मुलाची आई उठली आणि ओल्या कागदानं त्याचं एकेक बोट पुसत राहिली. माझी पोरगी हात धुऊन आली तर तिचं दप्तर दाराजवळच्या बाकावर ठेवलेलं. एकटीचा बाक. बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "घरातलं सगळंच शाळेत आणायचं नसतं. तुम्ही तरी सांगायचं तिला."

मी खाली मान घालून बसून राहिले.

घरी आल्या आल्या पोरगी मोरीत गेली. भांड्याची घासणी घेतली, साबण घेतला. हात घासत बसली. मी ओढून बाहेर काढलं तेव्हा तळवे लालभडक झाले होते. नवऱ्यानं नेहमीसारखं मांडीवर बोलावलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"पप्पा, तुमी लांब बसा. वास येतोय."

तो उठला. सकाळी अंघोळ झाली होती, तरी पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं. धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले, परत येऊन बसला. पोरगी तरीही गेली नाही.

इतकं मोठं माणूस. ओले केस घेऊन स्वतःच्या लेकरासमोर बसलेलं. मला वाटलं, घराला आतून कडी लावावी आणि कुणालाच तोंड दाखवू नये. काय झालं ते मी त्याला सांगितलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "गप ऱ्हा. फुकटची जागा हाय. दाखला हातात देतील."

त्या वाक्यानं मी जागी झाले. आमच्या घरात सगळे गपच राहत आले. सासरे गप राहिले, माझा बाप गप राहिला. आता सहा वर्षांच्या पोरीनं कातडं निघेपर्यंत हात घासायचे आणि आम्ही गप राहायचं?

सकाळी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी खुर्ची दिली. खेळामागचा हेतू चांगला होता म्हणाल्या. मुलीला दुसऱ्या तुकडीत घालू म्हणाल्या. मी म्हटलं, तुकडी बदलायची नाही. बाईंनी त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर चूक झाली म्हणून सांगायचं.

त्या हसल्या. "फार मनाला लावून घेता तुम्ही. मोफत शिकतेय ना मुलगी?"

मी उभी राहिले. "फुकट शिकत्या म्हणून तिचं हात घाण झालं न्हाईत. ती हितंच शिकणार."

तिथून निघाले ती शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले. तक्रार दिली. अजून कुणी बोलावलेलं नाही. शाळेतून मात्र निरोप येतात, मुलीला तुमच्या घराजवळची शाळा बरी पडेल. नवरा माझ्याशी धड बोलत नाही. पोरगी वर्गात तोंड उघडत नाही, अजून दाराजवळच बसते. सकाळी दप्तर बघितलं की तिच्या पोटात दुखायला लागतं. मला रात्रीचा घास उतरत नाही. यातून काय निघेल, मला ठाऊक नाही.

पण दाखला मी काढणार नाही. उद्या मी तिच्याबरोबर वर्गात जाणार आहे. तिला सगळ्या मुलांमध्ये नेऊन बसवणार. बाईंना उठवायचं असेल तर माझ्यादेखत उठवावं. परवा परत जाणार. तेरवाही जाणार.

मी गप राहणार नाही.