रंगनाथनानांची कागदाची गोधडी

गेल्या सोमवारी सकाळी रंगनाथनाना दारात येऊन उभे राहिले तेव्हा माझे देव अजून ताम्हनातच होते. पूजा चालू असली की नाना हाक मारत नाहीत, उंबऱ्याबाहेर चपला काढून गप उभे राहतात. त्या दिवशी मात्र देव पुसून व्हायची वाटही न बघता म्हणाले, "माधुरी, तुझ्याकडं जुन्या लग्नपत्रिका हायेत का गं?"

"आहेत की. कशाला हव्यात?"

"लागत्यात."

नानांच्या तोंडून एका वेळी एवढंच निघतं. काष्टीत आमच्या दोन्ही घरांची मधली भिंत एकच आहे, त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून एकवीस वर्षं मी त्यांना बघते आहे. वय अठ्ठ्याहत्तर. कालव्याच्या कडेला तीन एकर रान. आता पेरणी ट्रॅक्टरनं होते, पण बैल होते तेव्हा पाभर धरावी तर नानांनीच, असं गावात अजूनही म्हणतात. त्यांनी पेरलेला तास या बांधापासून त्या बांधापर्यंत दोरी ताणल्यासारखा सरळ जायचा. दुसऱ्याच्या रानात पेरणी असली तरी पहिला तास टाकायला त्यांना बोलावणं यायचं.

पत्रिकांची पिशवी माझ्या देवघरामागे खिळ्याला असते. पत्रिकेवर गणपती असतो, तो केरात टाकायला हात होत नाही, म्हणून साठतच जातात. पिशवी काढून हातात देण्याआधी मी पुन्हा विचारलं, "नाना, खरं सांगा, काय करायचंय?"

"गोधडी."

"कसली गोधडी?"

"कागदाची. हिच्यासाठी. ही दिसभर भितीकडं तोंड करून पडती. म्हनलं भितीलाच एक गोधडी लावावी. बघंल तरी."

ही म्हणजे भामामावशी, त्यांची बायको. आमच्या आळीत असं घर नाही जिथं मावशींनी शिवलेली गोधडी नाही. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच गोधडीवर लोळून मोठी झाली. दुपारी जेवणं उरकली की ओसरीवर जुन्या लुगड्यांचे थर अंथरून मावशी बसायच्या, आणि संध्याकाळी दिवा लागला की सुई खणाला टोचून उठायच्या. नागपंचमीला आमच्याकडे शिवायचं-कापायचं काही करत नाहीत, म्हणून या वर्षीही त्यांनी सुई ठेवून दिली. ती ठेवलीच. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि उजवी बाजू गेली. अहिल्यानगरला अकरा दिवस दवाखान्यात होत्या. घरी आल्या तेव्हा जीभ जड झाली होती, पण बोललेलं कळत होतं. मात्र त्या बोलायच्याच नाहीत. भिंतीकडे वळून पडायच्या, आणि उजवा हात पांघरुणाखाली झाकून ठेवायच्या, कुणाला दिसू नये असा.

हात-पाय हलवून घ्यायला दौंडहून ज्ञानेश्वरी नावाची मुलगी मंगळवारी आणि शुक्रवारी स्कूटीवर येते. तिच्याजवळ एक मऊ चेंडू आहे. "आजी, एवढा दाबा बरं," असं ती किती वेळा म्हणते, पण मावशी डोळे मिटून घेतात. नाना माझ्या दारात आले त्याच्या आदल्या शुक्रवारी निघताना ती त्यांना अंगणात म्हणाली, "आजोबा, पहिले तीन महिने महत्त्वाचे असतात. सहा आठवडे गेले. त्यांनी स्वतः मनावर घेतलं नाही, तर तो हात असाच राहील. मी नुसता हलवून काही होत नाही." मी तुळशीला पाणी घालत होते. नानांनी तिची स्कूटी वळवून रस्त्याकडे तोंड करून दिली.

आणि त्यानंतर हे पत्रिकांचं.

मी म्हटलं, "घरात एवढ्या खऱ्या गोधड्या आहेत, त्यातलीच एक लावा की."

"लावली हुती परवा. तिनं डोळं झाकलं. पांघरायची चीज खिळ्याला टांगायची न्हाई, हे तिचंच म्हननं हाय. आन नवी करावी तर मला शिवाया येत न्हाई. सुईत दोराच जाईना."

"पण पितृपंधरवडा चालू आहे, नाना. नवीन काही हातात घेत नाहीत."

"नवीन कुटं हाय? समदं जुनंच तर हाय."

मी पिशवी त्यांच्या हातात दिली. मी एवढीच अट घातली की पत्रिकेवरच्या देवाला कात्री लागता कामा नये. नाना म्हणाले, "देवाला कशाला लावीन? देवाच्या कडंकडंनी जाईन."

मावशींना दिसू नये म्हणून काम आमच्या ओसरीवर मांडलं. कूलरच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा मी माळ्यावरून काढून दिला, मैद्याची खळ शिजवून दिली. बाकी सगळं नानांनी केलं. कात्रीच्या भोकात त्यांचा अंगठा जाईना, तेव्हा करंगळीशेजारचं बोट घालून कापायला लागले. एक पत्रिका कापायची म्हणजे आधी ती वाचून घ्यायची, आणि वाचायची मी, कारण चष्मा घरी राहायचा.

"ही कोनाची?"

"वैजनाथच्या थोरलीची."

"तिचं पोरगं धावीला गेलं की. जेवान झ्याक हुतं त्या लग्नात. बुंदी गरम हुती."

लग्न कुठं झालं, कोणत्या साली झालं, हे नानांना आठवत नाही. जेवायला काय होतं ते आठवतं. एका पत्रिकेवरचं नाव वाचलं तेव्हा म्हणाले, "हिच्यात वांग्याची भाजी खारट हुती. भामीनं गुपचूप माझ्या पानातली तिच्या पानात घेतली, पाव्हन्यांना वाईट वाटू नये म्हनून." आणि ती पत्रिका कापून ठेवली.

बुधवारपर्यंत सत्तावीस गणपती बाजूला निघाले. ते मी पोथीच्या कापडात बांधून ठेवले. तुकडे सगळे वीतभराचे चौकोन, एकाला एक लावून चिकटवले. मग नाना माझ्या मुलीचं काळं स्केचपेन आणि लाकडी पट्टी घेऊन बसले आणि गोधडीवर टाके काढायला लागले. बारीक बारीक आडव्या रेघा, एकीमागे एक. पुठ्ठ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक ओळ. मग तिच्याखाली बोटभर अंतर सोडून दुसरी. जीभ दाताखाली धरून दोन दिवस ते हेच करत होते. शेवटी पुठ्ठा उभा करून लांबून बघितला. एक ओळ कुठं वाकडी नव्हती. मी म्हटलं, फार सुंदर झालीय. मी एवढ्या वर्षांत मावशींच्या किती गोधड्या पांघरल्या, पण टाका कुठून सुरू होतो आणि कुठं जातो हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

शुक्रवारी ज्ञानेश्वरी आली त्या वेळेलाच नानांनी गोधडी घरात नेली. मीही मागे गेले. मावशी भिंतीकडे तोंड करून होत्या. नानांनी आदल्या दिवशीच त्यांच्या नजरेसमोर येईल असा खिळा मारून ठेवला होता. त्याला पुठ्ठा अडकवला आणि म्हणाले, "बघ, तुझ्यासाठी केलीय."

मावशींनी डोळे उघडले. बघत राहिल्या. आम्ही तिघंही उभेच होतो. मी मनात देवाचं नाव घेत होते, जप मोजायचं राहून गेलं.

बऱ्याच वेळानं त्यांचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला. पुठ्ठ्यावरच्या टाक्यांवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग जड जिभेनं, पण आम्हाला सगळ्यांना कळेल असं म्हणाल्या, "गोधडी हाय का वावर हाय?"

सात आठवड्यांत त्या पहिल्यांदा एवढं बोलल्या होत्या. नाना खिळ्याशीच उभे. "का? काय झालं?"

"पेरलंय."

"मंग कसं करत्यात?"

मावशींनी बोट पुठ्ठ्याच्या काठावर टेकवलं. काठाकाठानं नेलं, कोपऱ्यावर वळवलं, पुन्हा काठानं. हात पुढे पोचेना तेव्हा थांबल्या. पण मला दिसलं. गोधडीचा टाका काठापासून निघतो, चारी बाजूंनी फिरतो, आणि फिरत फिरत आत येत मध्यावर संपतो. नानांनी मात्र रानात पाभर घालावी तसे या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ तास टाकले होते. जन्मभर तेच केलं, तर हातून दुसरं काय होणार.

"साठ वर्सं तुज्या शेजारी बसलो," नाना म्हणाले, "कदी बोलली न्हाईस."

"तू इचारलं व्हय?" मावशी म्हणाल्या. "आन लाल तुकड्याला लालच लावलाय. आंधळा."

ज्ञानेश्वरी हसली, मग नानांकडे बघून गप्प झाली. पण नानाच हसत होते. मावशी डाव्या हातानं पुठ्ठा ओढायला लागल्या. नानांनी तो खिळ्यावरून काढला, मावशींना पाठीमागे दोन उशा देऊन बसवलं आणि पुठ्ठा मांडीवर ठेवला. "पेन," त्या म्हणाल्या.

डाव्या हातानं त्या काठाशी टाके काढायला लागल्या. लहान मुलानं पाटीवर गिरवावं तशा रेघा, काही लांब, काही तिरक्या. पुठ्ठा मांडीवरून सारखा घसरत होता. नाना धरायला पुढे झाले, तर त्यांनी नुसतं बघितलं, नाना मागे सरले. मग मावशींनी डाव्या हातानं स्वतःचा उजवा हात मनगटाला धरून उचलला, पांघरुणातून बाहेर काढला आणि कागद उडू नये म्हणून वजन ठेवावं तसा पुठ्ठ्यावर ठेवला. पुठ्ठा हलायचा थांबला. त्या पुन्हा रेघा काढायला लागल्या.

असा किती वेळ गेला कोण जाणे. एका तुकड्याचा कोपरा खळ सुकून उचकटला होता, आणि तो नेमका उजव्या अंगठ्याशी होता. मावशींनी डाव्या हातातलं पेन खाली ठेवलं नाही. अंगठा थोडासा वाकला आणि त्या कोपऱ्यावर टेकला. दाबला असं म्हणता येणार नाही. पण त्याला कुणी उचलून ठेवला नव्हता.

ज्ञानेश्वरीच्या हातात चेंडू होता. तिनं तो आवाज न करता पिशवीत टाकला. मला डोळ्यानं खुणावून बाहेर घेऊन आली आणि अंगणात म्हणाली, "काकू, त्यांना हे रोज करू द्या. काही बोलू नका, कौतुक पण करू नका." मी म्हटलं, कौतुक कोण करतंय, तिथं नानांना शिव्या पडतायत.

शनिवारी मावशींनी निळा मागितला. लाल आणि शेंदरीच्या मधे निळा पाहिजे, नाहीतर डोळ्याला टोचतं. माझ्या पिशवीत निळी पत्रिका एकही नव्हती, आमच्याकडे कुणी छापत नाही. नाना चपला घालून पलीकडच्या आळीत सुकन्याकडे गेले. तिच्या लग्नाची पत्रिका निळी होती, वर भगवान बुद्ध. नाना तिला म्हणाले, "मूर्तीला धक्का लावनार न्हाई. कडंकडंनी घीन." सुकन्यानं एक नाही, तिच्या दिराच्या लग्नाच्या उरलेल्या आणखी चार दिल्या, आणि संध्याकाळी स्वतःच बघायला आली. मावशी तिला म्हणाल्या, "बस. काप." ती अर्धा तास कापत बसली.

नाना आता हुकमाचे ताबेदार. तुकडे लहान करायचे, वीतभर नाही, चार बोटं. जुने तुकडे नखानं खरवडून काढायचे. एकदा वैतागून म्हणाले, "अगं, चांगलं केल्यालं मोडायला लावती. चार दिस खपलो मी."

"मंग पुन्ना खप."

आज सोमवार. सकाळी नैवेद्य दाखवून मी मावशींसाठी गरम मऊ भात घेऊन गेले. काठाचे दोन फेरे पुरे झालेत, मधलं सगळं अजून तसंच, नानांच्या सरळ ओळींचं. नाना पुठ्ठा उचलून पुन्हा त्या खिळ्याला अडकवायला निघाले होते, म्हणजे दुपारी मावशींना पडल्या पडल्या दिसेल.

"थितं न्हाई," मावशी म्हणाल्या.

"मंग?"

त्यांनी डाव्या हातानं दाराकडची भिंत दाखवली. ओसरी, अंगण, येणारं-जाणारं माणूस, सगळं त्या बाजूला आहे. तिकडं बघायचं तर कूस बदलावी लागते, आणि कूस बदलायची तर उजव्या हातावर थोडा भार येतोच.

नानांनी भिंत चाचपून पाहिली. "ही कच्ची हाय. खिळा ठरंल का न्हाई कुनास ठाव." मग मावशींकडे वळून म्हणाले, "तिकडं खिळा मारला तवा बोलाया काय झालं हुतं?"

"तवा न्हवतं बोलायचं," मावशी म्हणाल्या, आणि घासासाठी तोंड उघडलं. मी भरवत होते. नाना हातोडी शोधायला आमच्याकडे गेले होते, आणि आमच्या घरात हातोडी कुठं असते ते त्यांना माहीत नाही, तेव्हा तिकडून हाका येत होत्या.